कापसाच्या गंजीशेजारची मोटरसायकल

खामगाव तालुक्यात दिवाळीनंतर एखाद्या शेतकऱ्याच्या घरी गेलं, तर समोरच्या खोलीत माणसाला बसायला जागा उरलेली नसते. वेचलेला कापूस भिंतीला टेकून आढ्याच्या दिशेनं चढत गेलेला असतो. त्याच्या पायथ्याशी सोयाबीनची पोती, कोपऱ्यात गुरांसाठी आणलेली ढेप, आणि उरलेल्या वावभर जागेत मोटरसायकल. गाडी बाहेर ठेवावी तर चोरीची भीती, अंगणात ठेवावी तर दव आणि ऊन. म्हणून रात्री उंबरठ्यावर फळी टाकून ती आत घेतात. पोरगा कामासाठी पुण्याला गेलेला असेल, तर ती तशीच महिनोन्महिने उभी राहते.

शेजारची गंजी किती महिने हलत नाही, हे बऱ्याचदा कापसाचा भाव ठरवतो. २०२२ साली कापूस क्विंटलला बारा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या वर्षी तो आठ हजारांच्या आसपास आला आणि मागचा भाव पुन्हा येईल या आशेवर विदर्भातल्या असंख्य घरांत कापूस उन्हाळा लागला तरी पडून होता. घरातल्या माणसांच्या अंगाला खाज सुटली, लेकरं ओसरीवर झोपू लागली. त्या कापसाच्या आत आणि आजूबाजूला उंदरांच्या दोन-तीन पिढ्या आरामात वाढल्या असतील. घरातल्या लहान उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा किंवा त्याहून जास्त पिल्लं देते आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. चार महिने न हललेली खोली म्हणजे काय, ते या हिशेबावरून कळावं.

या प्रकरणाचा गाभा आधीच सांगून टाकतो. उंदीर गाडीसाठी येत नाही. तो खोलीत येतो, धान्यासाठी आणि आडोशासाठी. त्या खोलीतली सगळ्यात निवांत, अंधारी आणि वर चढून बसण्याजोगी जागा म्हणून त्याला गाडी सापडते. त्यामुळे नुसत्या गाडीवर केलेले उपाय फार काळ टिकत नाहीत. खरं काम जागेवर करावं लागतं, आणि गाडीचा निवांतपणा मोडावा लागतो.

आपल्या आजोबांना हा प्रश्न या रूपात कधी पडला नव्हता. बंडी, दमणी, छकडा ही वाहनं लाकडाची आणि लोखंडाची, रात्रंदिवस अंगणात उघड्यावर उभी. त्यांत उंदराला घर करायला पोकळी नव्हती. कुरतडण्यासारखं जे होतं, म्हणजे दोर, कासरे, चामड्याच्या सापत्या, ते काम संपलं की खुंटीला टांगलं जाई. धान्य पेवात किंवा भिंतीतल्या बळदात बंद. म्हणजे जुन्या घरात वाहन एकीकडे आणि दाणा दुसरीकडे, अशी फारकत आपोआप होती. नव्या घरात पेव गेलं, बळद गेलं, दाणा पोत्यात आला, आणि वाहन त्या पोत्याला खेटून उभं राहिलं. त्या वाहनाच्या पोटात स्पंज, रबर, कागद आणि प्लॅस्टिक असतं.

खामगावात दाणा, सरकी आणि कापूस यांची गर्दी काही आजची नाही. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस बंद पडला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. खामगावचा बाजार इतका वाढला की १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा खास फाटा टाकण्यात आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. पुढं जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. जिथं सरकी पडते तिथं उंदीर असतो. या गावाची आणि उंदराची ओळख अशी दीडशे वर्षांहून जुनी आहे. त्याही मागं जायचं तर काळा घरउंदीर हा मूळचा आपल्याच उपखंडातला. जगभर तो इथूनच जहाजांतून गेला.

आता दातांविषयी, कारण गाडीचं नुकसान दातांनी होतं आणि दात समजले की निम्मे गैरसमज गळून पडतात. उंदराचे पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात. मोठ्या उंदराचे दात वर्षाला दहा सेंटिमीटरच्या पुढं वाढतात, इतका त्यांचा वेग असतो. दाताच्या पुढच्या बाजूला कठीण कवच असतं आणि त्यात लोह असल्यामुळे ते पिवळट-नारिंगी दिसतं. मागची बाजू त्या मानानं मऊ. कुरतडताना मागची बाजू लवकर झिजते, पुढची कमी, म्हणून धार आपोआप लागत राहते. उंदरानं कुरतडणं थांबवलं तर दात वाढून तोंड मिटेनासं होईल आणि तो उपाशी मरेल. आपल्या वायरिंगशी त्याचं काही वैर नसतं.

याहून नवलाची गोष्ट ओठांची आहे. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये उंदराला मोकळी फट असते. कुरतडताना तो ओठ आणि गाल या फटीतून आत ओढून घेतो, त्यामुळे दात बाहेर राहतात आणि तोंड मागून बंद होतं. कुरतडलेला भुसा पोटात जात नाही. कुरतडलेल्या वायरखाली प्लॅस्टिकचे बारीक तुकडे सांडलेले दिसतात ते याच कारणानं. त्यानं वायर खाल्लेली नसते. वाटेत आली म्हणून तोडलेली असते, दात घासायला वापरलेली असते, किंवा घरट्यासाठी सोललेली असते.

हे लक्षात घेतलं की सोयाबीनच्या वायरींची गोष्ट तपासता येते. गेली काही वर्षं गॅरेजांमध्ये ऐकू येतं की नव्या गाड्यांच्या वायरींवरचं आवरण सोयाबीनपासून करतात, म्हणून उंदीर त्यावर तुटून पडतात. ही गोष्ट अमेरिकेतून आली. तिथं २०१६ साली कॅलिफोर्नियात टोयोटा कंपनीवर याच मुद्द्यावर गाडीमालकांनी एकत्रित दावा लावला होता. कंपनीचं म्हणणं असं की उंदीर सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या कुरतडतात आणि सोयामुळे हे वाढल्याचा शास्त्रीय पुरावा नाही. मला कंपनीची बाजू घ्यायचं कारण नाही, पण सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या खामगावच्या खोलीत हा तर्क विशेष लंगडा पडतो. हाताशी खरं सोयाबीन असताना उंदीर आवरणातल्या सोयाच्या अंशासाठी का धडपडेल? शिवाय साध्या प्लॅस्टिकच्या वायरी आणि टेलिफोनच्या तारा उंदरांनी त्याआधी कित्येक दशकं कुरतडल्याच आहेत.

नुकसानीचा खर्च मात्र खरोखर वाढला आहे आणि त्याचं कारण वेगळं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या. मोटरसायकलींतून कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि सगळ्यांवर देखरेख करणारा संगणकाचा छोटा डबा आला. पूर्वी हॉर्नची वायर तुटली तर हॉर्न बंद पडायचा, गाडी चालायची. आता सेन्सरची केसाएवढी तार तुटली तरी गाडी जागची हलत नाही, आणि दोष शोधायला मिस्तरीला यंत्र जोडावं लागतं. त्याच वर्षी मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या, आणि सुरू करायला गेल्यावर वायरी कुरतडलेल्या निघाल्याचा अनुभव अनेकांना आला.

उंदीर म्हणून आपण ज्यांना एकाच नावानं हाक मारतो ते निदान तीन वेगळे प्राणी आहेत, आणि गाडीच्या दृष्टीनं तो फरक महत्त्वाचा आहे. सगळ्यात लहान घरातला पिटुकला उंदीर. पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरच्या फटीतून तो आत शिरतो. एअर फिल्टरच्या डब्यात, हेडलाइटच्या मागं, साइड पॅनेलच्या आत घरटं करणारा बहुधा हाच. दुसरा काळा घरउंदीर. हा पट्टीचा चढणारा: आढं, पत्रा, केबल, मोटरसायकलचं टायर, सगळ्यांवरून जातो. सीटचा स्पंज आणि जाड वायरिंग ही त्याची कामं. तिसरी घूस आणि तिची लहान जात. ती चढण्यात कच्ची पण खणण्यात पक्की. मातीच्या जमिनीखालून शेडमध्ये येते आणि बिळात दाण्याचा साठा करते. मोटरसायकलला तिचा त्रास कमी, पण ट्रॅक्टरच्या शेडची जमीन ती पोखरते आणि खाली लोंबणाऱ्या नळ्या-तारा तोडते. लेंड्यांवरून ओळख पटते. तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक असतील तर पिटुकला उंदीर. अर्ध्या इंचाच्या किंवा मोठ्या असतील तर घरउंदीर किंवा घूस. चिचुंद्रीला या यादीत घालू नये. ती उंदीर नव्हे, किडे खाते, आणि वायरी तोडत नाही. दिवसाढवळ्या निंबाखाली उभ्या केलेल्या कारच्या बॉनेटमध्ये काथ्या आणि कापूस सापडला, तर संशय खारीवर घ्यावा.

या सगळ्यांची घराकडची धाव शेताच्या वेळापत्रकानं चालते. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघतं. शेत उघडं पडलं की बांधावरचा उंदीर दाण्याच्या मागं खळ्यावर आणि तिथून गोठ्याकडे सरकतो. मग तूर निघते, मग हरभरा, आणि दरवेळी हेच होतं. आपल्याकडे सोयाबीन निघण्याच्या सुमारास खंडेनवमी आणि दसरा येतो. गाड्या धुतल्या जातात, झेंडूचे हार चढतात. मला वाटतं, उंदरांच्या बंदोबस्ताचा वार्षिक मुहूर्त हाच असावा. गाडी धुवायला बाहेर काढलेलीच असते, तेव्हा सीट उघडून, साइड पॅनेल काढून आत बघावं आणि मोकळ्या झालेल्या खोलीच्या फटी त्याच दिवशी बुजवाव्यात. खामगावच्या मोठ्या देवीचा उत्सव कोजागिरीला बसतो. तोवर ही कामं झाली की कापूस घरात यायच्या आत खोली तयार होते.

फटी बुजवण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्या उपायांत ते पहिल्या क्रमांकाचं आहे. टिनाच्या शेडमध्ये पत्र्याची प्रत्येक लाट भिंतीवर टेकते तिथं एक भोक उरतं. दहा-बारा फुटांच्या भिंतीवर अशी कितीतरी भोकं असतात आणि घरउंदराची ती रोजची वाट असते. सिमेंट-वाळूनं ती एकेक भरावी लागतात. शटरखाली रबराची पट्टी लावली तर उंदीर ती कुरतडतो, म्हणून लोखंडी पट्टी लावावी. लाकडी दाराला खालून वीतभर उंचीचा पत्रा ठोकावा. उंदराला सपाट गुळगुळीत पृष्ठभागावर दात रोवता येत नाहीत, त्याला कड लागते, आणि पत्र्यानं ती कड झाकली जाते. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी हवी. वायर किंवा नळ भिंतीतून आत येतो तिथली पोकळी आधी तारेच्या काथ्यानं, म्हणजे भांडी घासायच्या स्टीलच्या घासणीनं गच्च भरून मग सिमेंट लावावं. नुसतं सिमेंट ओलं असताना उंदीर उकरून काढतो, तारेचा काथ्या त्याला चावत नाही.

घराबाहेरचा भागही बघावा लागतो. पऱ्हाट्या आणि तुराट्यांची गंजी सरपणासाठी भिंतीला टेकवून रचण्याची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे. ती भिंतीपासून दोन-तीन हात लांब रचली, तर उंदराला गंजीतून भिंतीवर आणि भिंतीवरून पत्र्यावर जायला उघड्यावरून यावं लागतं, आणि उघड्यावर यायला तो भितो. कुटाराचा ढीग असाच दूर असावा.

पण कापूस आणि गाडी एकाच खोलीत ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल तर? बहुतेकांची हीच अडचण आहे, आणि दुसरी खोली बांधा असा सल्ला देण्यात अर्थ नाही. ढेप आणि धान्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत गेलं तर अर्धी लढाई जिंकली. कापूस खाण्याची वस्तू नाही, पण सरकी आहे, आणि तिच्यासाठी उंदीर कापूस पिंजत बसतो. त्यामुळे कापसाची गंजी भिंतीला लावायची आणि गाडी मात्र कुठल्याही भिंतीला किंवा गंजीला न टेकता खोलीच्या मधोमध उभी करायची. उंदीर मिशांनी भिंत चाचपत, कडेकडेनं चालतो. चारी बाजूंनी दीड-दोन फूट मोकळी जमीन पार करून गाडीकडे येणं त्याला धोक्याचं वाटतं. गाडी मधल्या स्टँडवर असावी. हँडलवर पोतं, टॉवेल, दोर काही टाकू नये, कारण ती चढायची शिडी होते.

गाडीवरचं कव्हर ही आणखी एक नेहमीची चूक. धूळ बसू नये म्हणून जमिनीपर्यंत लोंबणारं जाड कव्हर घातलं की आत अंधारा, उबदार तंबू तयार होतो. उंदराला याहून चांगलं घर कोणी बांधून देणार नाही. घरात उभ्या गाडीला कव्हर घालूच नये. घालायचंच असेल तर टाकी आणि मीटर झाकेल एवढी जुनी चादर पुरे. याच कारणानं बंद शेडमधल्या कारचं बॉनेट लांब मुक्कामात उघडं ठेवावं. आत उजेड आणि वारा गेला की तिथला निवांतपणा संपतो.

सीट काढून आत कपाटावर किंवा खुंटीला ठेवता येते, हे फार थोडे लोक करतात. बहुतेक मोटरसायकलींची सीट चावीनं किंवा दोन बोल्टांनी सुटते. दोन-तीन महिने गाडी उभी राहणार असेल, तर पाच मिनिटांचं हे काम स्पंज वाचवतं, आणि सीटखालची पोकळी उघडी पडल्यानं घरट्याचा आडोसाही जातो. आजोबा सापत्या खुंटीला टांगत, त्यातलंच हे शहाणपण आहे. सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर फिल्टरच्या हवा घेणाऱ्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी गुंडाळून बसवावी. कापडाचा बोळा कोंबला तर उंदीर तोच घरट्याला नेतो. हे अडथळे लावल्याची आठवण म्हणून चावीला लाल फीत बांधून ठेवावी. जाळी काढायची राहिली आणि गाडी सुरू केली, तर इंजिनाला श्वास मिळत नाही.

या सगळ्यापेक्षा सोपा आणि पक्का उपाय म्हणजे गाडी हलवणं. घरट्याला स्थैर्य लागतं. आठवड्यातून एकदा गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून आणली की आवाज, हादरा आणि उष्णता यांनी उंदरीण बेत बदलते. जागेवरच दोन मिनिटं इंजिन घरघरवण्यानं हे साधत नाही. बॅटरी भरत नाही, सायलेन्सरमध्ये ओल साचते आणि थंडीच्या रात्री उंदराला ऊब मात्र मिळते. पुण्याला गेलेल्या पोरानं चावी कुलुपात ठेवून जाण्याऐवजी भावाकडे किंवा शेजारच्या विश्वासू काकांकडे द्यावी. चालवणारं कोणी नसेल तर निदान गाडी ढकलून तिची जागा आणि तोंड बदलावं.

ट्रॅक्टरचं दुखणं थोडं वेगळं आहे. तो पेरणी आणि मशागतीत रोज राबतो आणि मग बराच काळ उभा राहतो. थ्रेशर तर वर्षातले मोजके आठवडे चालतं. थ्रेशरच्या आत चाळण्यांवर आणि कोपऱ्यांत शेवटच्या मळणीचा दाणा अडकून राहतो. म्हणजे वाहन आणि धान्याची कोठी एकाच यंत्रात. मळणी संपल्यावर ते रिकामं फिरवून, झाडून, दारं उघडी टाकून ठेवलं नाही, तर पुढच्या हंगामात पट्टा आणि बेअरिंगच्या जागी घरटं निघतं. ट्रॅक्टरला एअर क्लिनर, बॅटरीचा डबा आणि डॅशबोर्डमागची वायरिंग ही तीन ठिकाणं तपासावीत. डिझेलची रबरी नळी कुरतडलेली असेल तर नुसतं गळतं. मोटरसायकलची पेट्रोलची नळी कुरतडली असेल, तर एक ठिणगी पुरते. बंद खोलीत कापूस आणि गळणारं पेट्रोल शेजारी असणं किती धोक्याचं आहे, हे खामगावच्या माणसाला सांगावं लागू नये.

बाजारात मिळणाऱ्या आणि घरगुती उपायांवर लोकांचा विश्वास मोठा आहे. डांबर गोळ्या, कापूर, पुदिन्याचं तेल, तंबाखूची पानं. वास ताजा असतो तोवर उंदीर थोडा बिचकतो, वास उडाला की परततो, आणि काही दिवसांत तर वासाच्या शेजारीच घरटं करतो. डांबर गोळ्यांची वाफ माणसानं बंद खोलीत घेणं चांगलं नाही. लेकरं झोपतात त्या खोलीत त्या नकोतच. माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाची यंत्रं विजेच्या बोर्डाला लावून ठेवतात. उंदीर त्या आवाजाला सरावतात, आणि तो आवाज पोत्याच्या पलीकडेही जात नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ साली अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून अधिक कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय आधार हवा. तिखटाचा उपाय मात्र विचार करण्याजोगा आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांना जाळतं. होंडा कंपनी अमेरिकेत ते लावलेली चिकटपट्टी वायरींवर गुंडाळण्यासाठी विकते. घरी करायचं तर वायरिंगवर जाड नालीदार प्लॅस्टिकची नळी चढवून घेणं जास्त टिकाऊ. मिस्तरी अर्ध्या तासात करून देतो.

सापळ्याविषयी एक गोष्ट माहीत असेल तर बरंच साधतं. मोठा उंदीर नव्या वस्तूला भितो. पिंजरा आणला, त्याच रात्री लावला आणि सकाळी रिकामा बघून निरुपयोगी ठरवला, असं घरोघरी होतं. पिंजरा भिंतीच्या कडेला, उंदराच्या वाटेवर ठेवावा आणि चार-पाच दिवस दार बांधून उघडंच ठेवावं. आत भजं, शेंगदाणे, खोबऱ्याचा तुकडा. तो येऊन खाऊन जाऊ लागला की मग दार लावावं. पिटुकल्या उंदराचं उलट आहे. तो चौकस असतो, नव्या वस्तूकडे लगेच येतो, पण त्याचा वावर काही हातांपुरताच, म्हणून त्याच्यासाठी एकमेकांजवळ दोन-तीन सापळे लागतात. वाट कोणती हे कळत नसेल तर रात्री जमिनीवर चुलीतली राख पातळ पसरावी. सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ स्पष्ट दिसते. चिकट पट्टीचे सापळे वापरू नयेत. उंदीर तासन्‌तास तडफडतो, पाल आणि पाखरंही अडकतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं राज्यांना त्याविरुद्ध सूचना दिल्या आहेत.

विषाच्या मी विरोधात आहे, निदान घरात आणि गाडीजवळ. रक्त गोठू न देणाऱ्या विषाच्या वड्यांनी उंदीर लगेच मरत नाही. काही दिवसांनी मरतो, आणि तोवर तो आपल्या सगळ्यात सुरक्षित ठिकाणी जाऊन बसतो. ते ठिकाण कापसाच्या गंजीत खोल, किंवा कारच्या हवेच्या नळीत. मग तो वास महिनाभर सोसावा लागतो. पिवळ्या फॉस्फरसच्या मलमावर आणि झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. लेकरंबाळं असलेल्या घरात ते ठेवूच नये. विष खाऊन झिंगलेला उंदीर मांजर किंवा घुबड उचलतं आणि त्यांचाही जीव जातो. गव्हाणी घुबड आणि धामण हे आपले रात्रंदिवस राबणारे, फुकटचे राखणदार. धामण बिनविषारी आहे, कायद्यानं संरक्षित आहे, आणि घुशीच्या बिळात शिरून शिकार करू शकते. तरी गोठ्यात दिसली की काठी उचलली जाते. गावागावात हे थांबलं तर पिंजऱ्यांची गरज निम्म्यावर येईल, असं मला मनापासून वाटतं.

आणि एवढं करूनही गाडीत घरटं निघालंच, तर घाईनं हात घालायचा नाही. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनं ते भोगलं. उंदरांच्या अंगावरच्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो, आणि २०१८ साली विदर्भात त्याचे रुग्ण आढळले. गॅरेजमध्ये पहिली सवय असते ती कॉम्प्रेसरनं हवा मारायची. घरट्यावर हवा मारली की सगळी धूळ नाकातोंडात जाते. आधी ब्लीचिंगच्या पाण्यानं घरटं भिजवावं, दहा-पंधरा मिनिटं थांबावं, रबरी हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून ओलंच उचलावं आणि पुरावं. मग ती जागा साबणाच्या पाण्यानं पुसून काढावी. उंदीर चालता चालता मुताचे थेंब टाकत जातो आणि त्या वासावरून दुसरा उंदीर तीच जागा शोधत येतो. घरटं काढलं पण वास राहिला, तर आठवड्यात नवा भाडेकरू येतो.

लांब मुक्कामानंतरची पहिली किक किंवा सेल्फ शेवटी. आधी गाडी ढकलून उजेडात, घराबाहेर आणावी. सीट आणि पॅनेल काढून पेट्रोलची नळी बोटांनी चाचपावी, वास घ्यावा, प्लगची वायर आणि बॅटरीच्या तारा टोकापर्यंत बघाव्यात. एअर फिल्टरचा डबा उघडावा. त्यात सोयाबीनचे दाणे सापडणं इकडं नवलाचं नाही. सायलेन्सरची जाळी काढावी. सोललेली वायर दिसली तर इग्निशन चालू न करता बॅटरीची तार सोडवावी आणि मिस्तरीला बोलवावं. जोडून घेताना नुसती टेप गुंडाळू देऊ नये, डाग देऊन वर नळी चढवायला सांगावं. विमा पूर्ण नुकसानीचा असेल तर दुरुस्तीच्या आधी फोटो काढून कंपनीला कळवावं. उंदरानं केलेली नुकसानी भरून मिळते की नाही हे प्रत्येक पॉलिसीत वेगळं असतं, आणि नुसत्या थर्ड पार्टी विम्यात ती येत नाही. हे सगळं तपासून झालं की चावी फिरवावी, मीटरवरचा पिवळा दिवा विझला का ते बघावं, आणि पहिली फेरी गावातल्या गावात, मिस्तरीच्या दुकानाच्या दिशेनं मारावी.